दुसऱ्या पायरीवरचा माणूस

सगळ्यांचे रेनकोट एकाच रंगाचे होते, चूक तिथूनच सुरू झाली. आमच्या गावातल्या खनिज मंडळाच्या सचिवबाई पेशाने दातांच्या डॉक्टर. त्यांनी कुठून तरी डझनभर नारिंगी रेनकोट मिळवले आणि सहलीच्या बसमध्ये शाळेच्या गणवेशासारखे वाटून टाकले. "खाणीत कुणी इकडेतिकडे गेलं तर लांबून दिसायला हवं," असं त्यांचं म्हणणं. लांबून सगळेच दिसत होते. दिसतोय तो कोण, एवढंच कळत नव्हतं.

मी मंडळाची सभासद नाही. सभासद हे, म्हणजे माझे यजमान. बाजारात ह्यांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान आहे आणि सगळं गाव ह्यांना घड्याळजी म्हणतं. आमच्याकडे पत्रंसुद्धा त्याच नावाने येतात. सहा दिवस घड्याळं आणि सातव्या दिवशी दगड, असा ह्यांचा आठवडा. बैठकीत एक अख्खं काचेचं कपाट दगडांनी भरलेलं आहे. मी टेलिफोन खात्यात ऑपरेटर होते, आता निवृत्त झाले. त्या दगडांशी माझा संबंध अठ्ठावीस वर्षं फक्त फडक्यापुरता होता.

मग या सहलीला मी का गेले? ह्यांच्या हातांमुळे.

चार महिन्यांपूर्वी माझ्या लक्षात आलं, की हे चहाचा कप अर्धाच भरून मागतात. मग घरी दाढी करायचे ते न्हाव्याकडे जायला लागले. विचारलं तर म्हणाले, "तेवढ्याच गप्पा होतात." गप्पा आणि हे! मग एका दुपारी हे जेवून जरा पडले होते तेव्हा मागच्या गल्लीतली घड्याळं दुरुस्त करणारी बाई दारात आली. हातात छोटं पुडकं. "घड्याळजींची बारीक कामं झालीत," म्हणाली.  केसाएवढ्या स्प्रिंगा बसवणारा माणूस बारीक कामं दुसरीकडे देतो? मी पुडकं घेतलं, ह्यांच्या पिशवीत गुपचूप ठेवलं आणि गप्प बसले. हेही गप्प. पिशवीत पुडकं कसं आलं हे त्यांनी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. ताकाला जाऊन भांडं लपवण्यात आम्ही दोघंही सारखेच पटाईत.

आणि असल्या हातांनी हे छिन्नी-हातोडी घेऊन खाणीच्या कड्यावर उभे राहणार होते. मी म्हटलं, "मलाही जरा हवापालट होईल. येते मी."

ह्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "तुला? दगडांच्या सहलीला?"

"का? दगड काय तुमच्या एकट्याचे आहेत?"

 सचिवबाईंना फोन मीच केला, आदल्या दिवशी संध्याकाळी. "या हो, बसमध्ये जागा आहे," त्या म्हणाल्या.

वादळ संध्याकाळी येणार होतं. रेडिओवर तसं सांगितलं होतं आणि सचिवबाईंनी बस सुटताना तेच पुन्हा सांगितलं. "तीनला आपण खाणीतून बाहेर. आणि एक नियम. हवा बिघडली, शिट्टी वाजली, की एकट्याने चालायचं नाही. जवळ जो असेल त्याचा हात धरायचा आणि वजनकाट्याच्या खोलीत यायचं. दगड तिथेच टाकायचे. दगड लाखो वर्षं थांबलेत, अजून आठवडाभर थांबतील."

खाण सुट्टीमुळे बंद होती. मी खाण पहिल्यांदाच जवळून पाहिली. डोंगराचा अर्धा भाग कापून नेलेला आणि उरलेल्या भागात मोठ्या मोठ्या पायऱ्या. एकेक पायरी दोन मजली घराएवढी उंच, आणि तिच्यावर ट्रक जाईल एवढी रुंद वाट. तळाशी हिरवं पाणी साचलेलं. एका बाजूने मुरमाचा चढ सगळ्या पायऱ्यांना जोडत वर जात होता. वजनकाट्याची खोली अगदी खाली, फाटकापाशी.

ह्यांना तिसरी पायरी हवी होती. चढताना मी ह्यांच्या उजव्या बाजूला होते, म्हणजे चुकीच्या बाजूला. उजव्या कानाने ह्यांना कमी ऐकू येतं. मी काही बोलले, की हे "हं" म्हणत होते. वारा होताच. तिसऱ्या पायरीवर पोहोचल्यावर हे भिंतीला नाक लावून, खिशातलं भिंग डोळ्याला लावून हळूहळू सरकायला लागले. मी दगडावर बसून त्यांचे हात बघत होते. जाड चामडी हातमोजे घातलेले, त्यामुळे काही कळत नव्हतं.

तासाभराने हे थांबले. "इकडे ये."

भिंतीत मुठीएवढं भोक होतं. ह्यांनी विजेरी आत धरली, म्हणजे मला धरायला सांगितली. आत पांढऱ्या सुयांचं झुडूप होतं. सुया कसल्या, केसच. एका बुडातून फुटून चहूकडे पसरलेले, आणि कुठे धूळ नाही की डाग नाही. अठ्ठावीस वर्षं पुसलेल्या दगडांत असलं काही मी पाहिलं नव्हतं.

"फुंकर मारू नकोस," हे म्हणाले. "श्वाससुद्धा लांब सोड. हे काढायचं तर भोवतीचा दगड एकेक टवका करून काढायला हवा. कापूस हवा. कापसाचा डबा बसमध्ये राहिला."

"मी आणते."

"जा."

मला काय वाटलं कोण जाणे, मी दोन पावलं गेले आणि वळून ओरडले, "मी येईपर्यंत इथून हलू नका! आणि हातोडी मारू नका!"

ह्यांनी हात वर केला. ऐकू आलं की नाही, देव जाणे.

बसमधून डबा घेतला आणि मी परत चढाला लागले तोवर आभाळ खाली आलं होतं. संध्याकाळचं वादळ दुपारी बाराला येऊन उभं. आधी धुकं उतरलं, मग वाऱ्याचा असा झोत आला, की मी चढावर तिरकी झाले. पाऊस समोरून येत होता. चष्मा काढला तर दिसेना, ठेवला तर त्याहून दिसेना. खालून शिट्टी ऐकू आली, एक लांब, दोन आखूड. मी डोक्यात पायऱ्या मोजत होते, पण मोजताना कुठेतरी माझी एक चुकली. ते मला नंतर कळलं. त्या वेळी मला पक्की खात्री होती, की मी तिसऱ्या पायरीवर आले आहे. भिंत तशीच, वाट तशीच, आणि भिंतीशी नारिंगी रेनकोट घातलेला, डोक्यावर टोपी ओढलेला, ह्यांच्याच उंचीचा माणूस भिंतीकडे तोंड करून उभा.

मी धावत जाऊन त्याचा उजवा हात धरला. हातमोजा तसाच, चामड्याचा, ओला. त्याने निमूटपणे हात दिला. आम्ही खाली निघालो.

आता जे झालं ते सांगायला मला अजूनही लाज वाटते. पण सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही.

मी बोलायला लागले. घरात चार महिने जे जमलं नाही ते त्या पावसात आपोआप तोंडातून बाहेर पडायला लागलं. एक म्हणजे भीती वाटत होती. दुसरं, मी पुन्हा त्यांच्या बहिऱ्या बाजूला होते, वर पावसाचा एवढा मारा. ऐकू गेलं तर गेलं, नाही तर नाही. खात्यात मी तीस वर्षं लोकांचं बोलणं जोडून दिलं, स्वतःचं कधी जोडलं नाही. मी म्हटलं, "माहीत आहे मला. तुमचे हात थरथरतात ते माहीत आहे. मागच्या गल्लीतली ती बाई आली होती, पुडकं मीच ठेवलं पिशवीत. दाढी का करत नाही घरी, तेही माहीत आहे. मी काय आंधळी आहे? पाय बघून टाका, इथे निसरडं आहे. तुम्ही एकटे एकटे काय झुरताय? लाज कसली? रात्री तुम्ही झोपलात ना, की मी तुमचा हात हातात घेऊन बसते. झोपेत तो अजिबात हलत नाही. मग मला वाटतं, सगळं माझ्या मनाचंच आहे. सकाळी कप वाजला, की पुन्हा..."

आणि इथे माझ्या लक्षात आलं, की हातातला हात हलत नाहीये.

मी घट्ट धरला. ढिला सोडला. पुन्हा धरला. अजिबात हलत नव्हता. खांबाला धरावं तसा. आम्ही घसरत होतो, वारा आम्हाला ढकलत होता, पण तो हात जिथे होता तिथे होता.

माझी मतीच गुंग झाली. मी चालत राहिले पण बोलणं बंद झालं. म्हणजे ह्यांना काहीच झालेलं नाही? मग कप अर्धा का? डोळे अधू झालेत म्हणून बारीक कामं बाहेर दिली असतील का? की थरथर आली आणि गेली, आणि ह्यांनी त्याबद्दलही सांगितलं नाही? मला आनंद व्हायला हवा होता. झालाही असेल. पण त्याहून जास्त मी चिडले होते. चार महिने मी कशाची काळजी करत होते, तेच मला कळेना. मी त्या हाताला एक हिसका दिला आणि म्हटलं, "बोला की काहीतरी!"

 वजनकाट्याची खोली समोर आली, त्याने दार उघडून धरलं, मी आत गेले, तो मागून आला आणि त्याने डोक्यावरची टोपी मागे केली.

पन्नाशीचा, आखूड पांढऱ्या दाढीचा, पूर्ण अनोळखी माणूस.

"बाई," तो म्हणाला, "मी तुमचा नवरा नाही हो."

पत्र्यावर पाऊस इतक्या जोरात वाजत होता, की हे वाक्य त्याला दोनदा बोलावं लागलं. दुसऱ्यांदा सगळ्या खोलीने ऐकलं.

तो वेल्डर होता. मंडळात नवीन, दुसरीच सहल. शिट्टी वाजली, शेजारी कुणी नव्हतं, तेवढ्यात एका बाईने येऊन हात धरला. नियमच होता तसा. म्हणून तो आला.

"मग मध्येच सांगायचं नाही का!"

"दोनदा सांगायला गेलो. तुम्ही बोलत होता."

"तुम्ही... काय ऐकलंत?"

त्याने हातमोजे काढून पिळले. "पाऊस होता," एवढंच म्हणाला.

त्याने काय ऐकलं याची काळजी करायला मला वेळच नव्हता. मी खोलीभर नजर फिरवली. नारिंगी, नारिंगी, नारिंगी. प्रत्येकाची टोपी मागे. हे नव्हते.

"सचिवबाई, हे आले नाहीत!"

सचिवबाईंच्या हातात ओली यादी होती. त्यांनी बोटाने मोजायला सुरुवात केली. "अकरा. यादीत अकरा, खोलीत अकरा. आले आहेत हो सगळे. त्या कोपऱ्यात बघा."

"कोपऱ्यात नाहीत!"

"मग ड्रायव्हरबरोबर बसमध्ये असतील."

"ड्रायव्हर मी," खिडकीपाशी उभा असलेला म्हणाला. "बसमध्ये कुणी नाही."

सचिवबाईंनी पुन्हा मोजलं. पुन्हा अकरा. आणि खरं सांगते, एक क्षण मलाही वाटलं, की अकरा म्हणजे अकरा, मीच काहीतरी चुकतेय. कदाचित हे आत आहेत आणि मला दिसत नाहीत. दिवसच तसा चालला होता. मग वेल्डर शांतपणे म्हणाला, "यादीत या बाई आहेत का?"

नव्हते. मी आदल्या दिवशी फोनवर आले होते, कागदावर आलेच नव्हते. आणि ड्रायव्हर यादीत कधीच नसतो, पण मोजताना त्याला एकदा धरलं होतं आणि एकदा नाही. पहिल्या वेळी धरलं तेव्हा दाराआड कपडे पिळणारा एक जण सुटला होता. सचिवबाई एकदम पांढऱ्या पडल्या. इतकी वर्षं बत्तीस दात अचूक मोजणारी बाई, पण तेरा माणसांत त्यांचा ताळमेळ बसेना.

"तिसऱ्या पायरीवर आहेत ते," मी म्हटलं. "मी जाते."

"तिसऱ्या?" वेल्डर म्हणाला. "तुम्ही मला धरलंत ती दुसरी पायरी होती."

तेव्हा मला कळलं. हे जागचे हललेच नव्हते. चुकीच्या पायरीवर मी गेले होते.

सचिवबाई नको नको म्हणत होत्या, पण पाऊस जरा हटला होता आणि वारा पडला होता. आभाळाचा रंग जुन्या पितळेसारखा झाला होता, त्यावरून वादळ थांबणार नाही हे मलाही दिसत होतं. वेल्डरने हातमोजे पुन्हा चढवले. मी त्याला यायला सांगितलं नाही. तो आपणहून आला. चढाच्या मधून आता पिवळं पाणी वाहत होतं आणि त्यात मुठीएवढे दगड गडगडत खाली येत होते. आम्ही भिंतीच्या बाजूने चढलो. मी त्याचा हात धरला नाही. एकदा घसरले तेव्हा त्याने माझं कोपर धरलं आणि लगेच सोडलं.

हे तिसऱ्या पायरीवर, त्याच भोकापाशी, वरून पुढे आलेल्या दगडाच्या आडोशाला बसले होते. टोपी मागे, केस कपाळाला चिकटलेले. दोन्ही हात काखेत.

"अगं, कापूस आणायला एवढा वेळ?" हे म्हणाले. "आणि हे कोण?"

"अहो, वादळ झालं!"

"ते दिसलं मला."

"मग खाली का नाही आलात? शिट्टी वाजली, सगळे खाली गेले!"

"तू म्हणालीस ना, हलू नका."

"माझं तुम्ही कधीपासून ऐकायला लागलात?" मी ओरडले, आणि मला रडू फुटलं. हे गोंधळून माझ्याकडे बघत राहिले. त्यांच्या हिशेबी, मी सांगितलं तसं ते वागले होते, मग बायको रडते कशाला? मी रडतेय का ओरडतेय, का तिथल्या तिथे बसतेय, हे माझं मलाही उमगत नव्हतं. कापसाचा डबा एवढा वेळ माझ्या काखेत तसाच होता.

"चला खाली," मी म्हटलं.

हे उठले नाहीत. भोकाकडे बघत म्हणाले, "तासभर मी याच्यासमोर आहे. एक घाव घातला नाही." मग जरा थांबून, "पाऊस आता आत जाईल. सुया आडव्या होतील. उद्या काही राहणार नाही."

छिन्नी आणि हातोडी त्यांच्या पायाशी पडली होती. वेल्डर पुढे आला, खाली वाकला आणि दोन्ही उचलली. "मी मारतो," तो म्हणाला. "तुम्ही सांगा कुठे."

ह्यांनी त्याच्याकडे पाहिलं.  मग बोटाने, हात काखेतून जेमतेम बाहेर काढून, दगडावरची एक बारीक रेघ दाखवली. "इथून. हलकेच. त्याहून हलकं. दुसऱ्याच्या दारावर टकटक करतो तसं."

मी विजेरी धरली. मला दोघांनाही ओढत खाली न्यायचं होतं आणि मी विजेरी धरून उभी होते. वेल्डरचा हात मी आता नीट पाहिला. छिन्नी रेघेवर ठेवली, की ती तिथे रुतल्यासारखी राहत होती. हे बोलत होते, "आता खालून. थांब. फिरव. आता घाई नाही." खालून शिट्टी वाजत होती, एक लांब, दोन आखूड, मग नुसतीच लांब लांब, सचिवबाईंचा श्वास संपेपर्यंत. दहाएक मिनिटांत सगळं भोक नारळाएवढ्या दगडासकट सुटून वेल्डरच्या तळव्यावर आलं. ह्यांनी तोंडातून आवाज काढला, लहान मूल काढतं तसा. मी कापूस भरला. डबा बंद केला आणि पाऊस पुन्हा कोसळला.

उतरताना चढ असा राहिलाच नव्हता. मुरमाचा चिखल झाला होता. शेवटचा तुकडा आम्ही तिघेही बसून घसरत आलो, डबा माझ्या मांडीवर. मी एका हाताने ह्यांचा हात धरला होता. या वेळी मला शंका नव्हती कोणाला धरलंय. हात चामड्याच्या आत पिंजऱ्यातल्या पाखरासारखा फडफडत होता.

खोलीत आलो तेव्हा सचिवबाई कुणावर तरी ओरडणार होत्या, पण कुणावर ते ठरेना. शेवटी त्या ड्रायव्हरवर ओरडल्या.

बस निघाली चार वाजता. वेल्डर पुढे बसला होता, आम्ही मागे. अर्धा तास हे खिडकीबाहेर बघत होते. मग म्हणाले, "त्याला तू सांगितलंस."

"काय सांगितलं?"

"हल्ली नवीन माणूस भेटला, की माझ्या हातांकडे बघतो. गिऱ्हाईक बघतं. न्हावी बघतो. त्याने एकदाही बघितलं नाही. मुद्दाम बघितलं नाही. म्हणजे त्याला आधीच माहीत होतं." हे माझ्याकडे वळले. "आणि त्याला माहीत आहे म्हणजे तुला माहीत आहे."

आता काय सांगू? मी म्हटलं, "मी तुम्हालाच सांगत होते."

"मला? मी तर वर होतो."

"ते मला कुठे माहीत होतं? तो तुम्ही आहात असं समजून मी त्याला सांगत होते!"

ह्यांना ते समजायला थोडा वेळ लागला. समजलं तेव्हा चेहरा लाल झाला. "म्हणजे घरातली गोष्ट एका परक्या माणसाला? पावसात? हात धरून?"

"तो परका आहे हे खोलीत आल्यावर कळलं!"

"अठ्ठावीस वर्षांत नवरा ओळखता येत नाही?"

"टोपी होती! आणि तुम्ही तरी कुठे बोललात? चार महिने! पुडकी येतात जातात, मी काय टपालपेटी आहे?"

आमच्या पुढच्या बाकावरचे दोघे एकदम झोपी गेले. एवढ्या आवाजात आणि एवढ्या खड्ड्यांत कुणी झोपत नाही. आम्ही भांडलो. पोटभर भांडलो. लग्नाच्या पहिल्या वर्षी भांडलो असू तसे. त्यात हातांचं निघालं, दुकानाचं निघालं, ह्यांच्या वडिलांचेही हात म्हातारपणी थरथरायचे आणि ते शेवटी चमचा धरू शकत नव्हते हेही निघालं. ते मला कधीच सांगितलेलं नव्हतं. ते ऐकून माझं भांडण तिथेच संपलं. भांडता भांडता मांडीवरच्या डब्यावर मी दोनदा मूठ आपटली होती, ते कुणाच्याच लक्षात आलं नाही.

मग हे म्हणाले, "काय म्हणालीस त्याला?"

"कधी?"

"तेव्हा. जे मला म्हणणार होतीस."

मी आठवायला गेले. त्या पावसात धडाधड आलेलं आता एकही वाक्य जागेवर नव्हतं. "म्हणाले, माहीत आहे मला," मी म्हटलं. "आणि... लाज कसली, असं काहीतरी. आणि रात्रीचं." रात्रीचं मी सांगितलं. हे ऐकत होते. रडतील असं मला वाटलं होतं. हे म्हणाले, "म्हणून माझा हात सकाळी अवघडलेला असतो होय!"

हसावं की आणखी भांडावं, ते मला कळलं नाही. मी डबा सरळ केला आणि बाहेर बघत बसले.

पुढच्या आठवड्यात आम्ही डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी ह्यांना कागदावर गोल गोल रेघ काढायला सांगितली, चालायला लावलं, बोटाने नाक शिवायला लावलं. वडिलांचं विचारलं. मग म्हणाले, "दोन शक्यता आहेत. एक साधी, आनुवंशिक असते ती. दुसरी तितकी साधी नाही. आत्ता सांगता येत नाही. गोळ्या देतो, सहा महिन्यांनी पुन्हा बघू." मला वाटलं होतं, डॉक्टरांकडे गेलं की एकदाचा सोक्षमोक्ष लागेल. बाहेर आल्यावर हे म्हणाले, "काय म्हणाले ते?" आणि मी, समोर बसून सगळं ऐकलेली मी, म्हणाले, "नक्की कळलं नाही." गोळ्यांनी थोडा फरक पडला आहे. काही दिवस पडतो, काही दिवस नाही.

दुकान चालू आहे. पट्टे आणि बॅटऱ्या हे बदलतात. बारीक कामं मागच्या गल्लीत जातात, आता उघडपणे, आणि ती बाई समोरच्या दाराने येते. कधीकधी हे तिच्या शेजारी बसून तिला सांगतात कुठे आणि किती, आणि ती वैतागते.

वेल्डर महिनाभराने दगड बघायला घरी आला. तो दगड कपाटात मधल्या फळीवर आहे. डाव्या बाजूच्या सुया मोडल्या आहेत, त्या बसमध्ये मोडल्या. हे त्याला उजवीकडे उभं करून दाखवत होते आणि तो विजेरी धरून तोंड उघडं ठेवून बघत होता. चहा घेऊन मी गेले. हे कशाला तरी आतल्या खोलीत गेले तेव्हा मी हळूच विचारलं, "खरं सांगा. त्या दिवशी काय काय ऐकलंत?"

त्याने जरा विचार केला. "तुम्ही म्हणालात, पाय बघून टाका, इथे निसरडं आहे."

"आणि?"

"मी बघून टाकले."

 खरं बोलतोय की माझी अब्रू राखतोय, काही पत्ता लागेना. तेवढ्यात आतून ह्यांचा आवाज आला, "अगं, ते मोठं भिंग कुठे ठेवलंस?" आणि मी ते शोधायला गेले.